बत्तिसावा खण

मास्तरांनी तार ताणायची किल्ली आणखी केसभर फिरवायला घेतली, आणि नेमका त्याच वेळी पियानोवर ठेवलेला फोन उजळला. डावा हात पट्टीवर, उजवा किल्लीवर, कान तारेवर आणि डोळे फोनवर, असा चार ठिकाणी वाटला गेलेला माणूस जे करणार तेच त्यांनी केलं. केसभराऐवजी किल्ली चांगली बोटभर फिरली. तार फाडकन तुटली, तिचं टोक उसळून त्यांच्या मनगटाखाली ओरखडा काढून गेलं आणि रिकाम्या प्रार्थनागृहात तो आवाज छतापर्यंत जाऊन आला.

फोनवर गाद्यांची जाहिरात होती.

"अगं बाई! लागलं का हो?" बाकं पुसत असलेल्या पाळकबाई फडकं टाकून धावत आल्या. पाळकबाई म्हणजे पाळकांची बायको नव्हे. त्या स्वतःच पाळक होत्या, चर्चच्या धर्मगुरू. या मंडळीत येऊन त्यांना दोन वर्षं होत आली होती, आणि बाकं अजून त्या स्वतःच पुसायच्या.

"काही नाही. तार गेली."

"तार जाऊ दे. हात दाखवा बघू."

मास्तरांनी हात पुढे केला, पण डोळे पुन्हा फोनकडेच गेले. अकरा वाजून गेले होते, आणि अजून टिक आली नव्हती.

जुन्या, गंजलेल्या तारा तुटतात, त्यात कुणाचा दोष नसतो. ही तार चांगली होती. चाळीस वर्षं पियानो लावणाऱ्या माणसाच्या हातून ती तुटावी, हे एखाद्या न्हाव्याने गिऱ्हाइकाचा कान कापण्यासारखंच होतं. मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. तुटलेली तार त्यांनी उगाच गुंडाळून खिशात घातली.

आता मास्तर हे काही नेहमीचे असे नव्हते. उलट, त्यांच्या कामाच्या शिस्तीला लोक टरकून असायचे. दोन तारांचा सूर जुळत आला की त्यांच्यात एक बारीक थरथर उरते. ती कमी कमी होत थांबेपर्यंत ऐकत राहायचं, हेच सगळं काम. म्हणून मास्तरांचा हात पट्टीवर असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. हात उठला की बोला. घरी लेक होती. पहाटेपासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. पण बापाचा हात पट्टीवर दिसला की टिटवीसुद्धा जिथल्या तिथे उभी राहायची, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून.

आणि फोन? तो बंद करून हत्यारांच्या पिशवीत, अगदी तळाशी. "कान एका वेळी एकच काम करतो," असं मास्तर सांगायचे. आधीच्या पाळकांनी तर एकदा भर उपदेशात त्यांचा दाखला दिला होता, की यंत्र आपल्यासाठी असतं, आपण यंत्रासाठी नसतो, हे आपल्या मास्तरांकडून शिका. तेव्हा शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं होतं. "ऐकलंत का? आता दिवसभर मान ताठ ठेवून हिंडू नका म्हणजे झालं."

चौदा महिन्यांपूर्वी एका दुपारी तो फोन तसाच पिशवीच्या तळाशी बंद होता. मास्तर एका सभागृहातला मोठा पियानो लावत होते. सुट्टीवर घरी आलेल्या टिटवीने त्या दुपारी त्यांना अकरा वेळा फोन केला. चार वाजता काम संपवून, हात पुसून, मास्तरांनी फोन सुरू केला, तोवर मास्तरीणबाई गेल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही असता तरी काही फरक पडला नसता. टिटवी तसं काही म्हणाली नाही. ती दूरच्या बंदरात क्रेन चालवायची. सगळे विधी आटोपल्यावर निघताना तिने आईचा फोन मागून घेतला आणि दारात थांबून एवढंच म्हणाली, "हात एकदा उचलला असतात तर, बाबा." त्यानंतर मास्तरांनी फोन केले, ते तिने घेतले नाहीत. निरोप पाठवले, त्यांना आधी "बरी आहे" असं उत्तर यायचं, मग तेही बंद झालं.

राहिली ती टिक.

मास्तरीणबाईंनी दोघांच्या फोनवर पवित्र शास्त्राच्या वाचनाचं एक ॲप घेतलं होतं. रोज थोडा भाग वाचायचा आणि वाचून झाला की खालच्या गोलाला बोट लावायचं, म्हणजे गोलात टिक उमटते. गोल दोन. एकाखाली त्यांनी लिहिलं होतं "मास्तर", दुसऱ्याखाली "मास्तरीणबाई". एकाने केलेली टिक दुसऱ्याला दिसायची. त्या गेल्या तेव्हापासून दुसरा गोल रिकामाच राहू लागला. मास्तर सवयीने आपला गोल भरत राहिले. आणि सतराव्या दिवशी सकाळी, समोर चहाचा कप असताना, दुसऱ्या गोलात टिक उमटली.

मास्तर त्या दिवशी कामावर गेले नाहीत.

आईचा फोन लेकीकडे होता हे त्यांना माहीत होतं. म्हणजे टिक करणारी तीच. पण त्यांनी तिला विचारलं नाही. पाखरू खिडकीत येऊन बसलं तर आपण हालतो का? टिक कधी सातला यायची, कधी दुपारी, तिची पाळी असेल तशी. ती येईपर्यंत मास्तरांचा जीव टांगणीला. फोन आता पिशवीच्या तळाशी नसायचा. तो शर्टाच्या खिशात असायचा, पियानोवर असायचा, उपासनेत मांडीवर असायचा, उशीशेजारी तर असायचाच. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावं, तसे मास्तर फोन उराशी धरून बसले होते.

त्यात मागच्या आठवड्यात फोनच्या दुकानातल्या मुलीने सहज म्हटलं होतं, "काका, हे आपोआपसुद्धा होतं हं. एकदा सेटिंग करून ठेवलं की त्याचं ते करत बसतं." तेव्हापासून टिक आली की मास्तर आधी तिची वेळ बघायचे.

पाळकबाईंनी ओरखड्याला औषध लावलं, पट्टी गुंडाळली आणि त्यांच्याशेजारी पियानोच्या बाकावर बसल्या.

"परवा गुरुवारी तुम्ही पण फोन ठेवणार ना, मास्तर?"

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चालू होता. पाळकबाईंनी या वर्षी नवीनच टूम काढली होती. गुरुवार संध्याकाळपासून रविवारच्या उपासनेपर्यंत, ज्याला जमेल त्याने फोन बंद करून प्रार्थनागृहातल्या कपाटात ठेवायचा. कपाट गीतपुस्तकांचं होतं, नंबर घातलेल्या छोट्या छोट्या खणांचं. भिंतीवर पडदा आला, गाणी पडद्यावर दिसू लागली, तेव्हा पुस्तकं खोक्यात गेली आणि कपाट रिकामं पडलं होतं. हे जाहीर झालं तेव्हा तरुणांनी नाकं मुरडली. पण खरी रडारड म्हाताऱ्यांची होती.

"मला नाही जमायचं, बाई."

"तुम्हाला? मला वाटलं होतं, तुम्ही पहिला नंबर लावाल."

"एकदा बंद ठेवला होता," मास्तर म्हणाले.

पाळकबाईंना ते माहीत होतं. मग मास्तरांनी, आजवर कुणाला दाखवलं नव्हतं ते, फोन उघडून त्यांच्यासमोर धरलं. खाली खाली सरकत जाणाऱ्या तारखा, आणि प्रत्येक तारखेखाली दोन गोल.

"ही आमची मास्तरीणबाई," ते म्हणाले.

पाळकबाई बराच वेळ बघत राहिल्या. "टिटवी करते?"

"करत असेल. किंवा आपोआप होत असेल. काय माहीत."

"आणि तुम्ही? वाचता रोज?"

मास्तर मनगटावरची पट्टी चाचपू लागले. "टिक करतो."

"आज काय होतं वाचायला?"

मास्तरांना सांगता येईना. आज सोडाच, गेल्या महिन्यातला एक शब्द त्यांना सांगता आला नसता.

"रागावणार नसाल तर एक सांगते," पाळकबाई म्हणाल्या. "शास्त्रातल्या त्या घर सोडून वाया गेलेल्या पोराची आणि त्याच्या बापाची गोष्ट मी तुम्हाला काय सांगायची? पण मला नेहमी वाटतं, त्या बापाकडे फोन नव्हता हे बरं झालं. तो रस्त्याकडे बघत होता, म्हणून परत येणारा पोरगा लांब असतानाच त्याला दिसला. फोन असता तर बसला असता मान खाली घालून, आणि पोरगा दारात येऊन उभा राहिला तरी त्याला पत्ता नसता."

"माझी पोर वाया गेलेली नाही, बाई," मास्तर ताडकन म्हणाले. "वाया गेलो असलो तर मी गेलोय."

पाळकबाईंचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या, आणि फडकं उचलून पुन्हा बाकांकडे गेल्या. मास्तरांनी पिशवी आवरली. टिक त्या दिवशी तीन वाजता आली.

बुधवारी मात्र भलतंच झालं. मास्तरांनी साडेसहाला आपला गोल भरला, आणि चष्मा काढून खाली ठेवतात न ठेवतात तोच दुसरा गोल भरला. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मास्तर हबकलेच. एका मिनिटात एवढा मोठा भाग कोण वाचतं? माणूस वाचत नाही. यंत्र करतं. दुकानातली पोरगी बरोबर बोलत होती. आपण स्वतः तो भाग अर्ध्या मिनिटात उरकला होता, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते तसेच स्वयंपाकघरात उभे राहिले. चौदा महिने आपण कुणाच्या तरी दारात बसून होतो, आणि घरात कुणी नव्हतंच, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी कपाटासमोर रांग लागली. पाळकबाईंनी पहिला फोन स्वतःचा ठेवला. आजारपण, अडीनडीसाठी दवाखान्यातल्या नर्सबाईंचा तेवढा फोन चालू राहणार होता, आणि तो नंबर दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता. "बाहेरगावी ज्यांना कळवायचं त्यांना आधी कळवून घ्या हं," पाळकबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मास्तरांच्या शेजारच्या मावशी फोन छातीशी धरून उभ्या होत्या. "नातवाचे फोटो आहेत हो यात," म्हणत त्यांनी तो एकदाचा खणात सारला, आणि लगेच पुन्हा काढून नीट उभा ठेवला.

मास्तर शेवटच्या बाकावर बसून निरोप लिहीत होते. "तीन दिवस फोन बंद राहील. काळजी नसावी." एवढं लिहून त्यांनी ते वाचलं. काळजी नसावी, हे कुणाला लिहितात? जो काळजी करतो त्याला. चौदा महिने आपला फोन न घेणाऱ्या मुलीला हे लिहिणं म्हणजे उगाच तिच्या गळ्यात पडणं. त्यांनी एकेक अक्षर पुसून टाकलं, फोन बंद केला आणि उठले.

एकतीस नंबरचा खण त्यांचा, बत्तीस मास्तरीणबाईंचा. लग्नाच्या वर्षी मिळालेले नंबर. बत्तिसाव्या खणात त्या गीतपुस्तकामागे चष्म्याचं जुनं घर ठेवायच्या, आणि ते घरी विसरले म्हणून दर रविवारी हळहळायच्या. मास्तरांनी आपला फोन एकतिसाव्यात ठेवला. शेजारचा रिकामा खण त्यांनी तळहाताने पुसून घेतला.

शुक्रवार फार वाईट गेला. हात दर दहा मिनिटांनी शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. दारुड्याची दारू सोडवतात तेव्हा असंच होत असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू आलं. आज कोणता भाग वाचायचा तेही ठाऊक नव्हतं. ते ॲपला ठाऊक. शेवटी त्यांनी कपाटातून मास्तरीणबाईंचं कागदी शास्त्र काढलं आणि फीत होती तिथे उघडलं.

समासात पेन्सिलीने कुठे कुठे बारीकशी फुली होती. पानं उलटता उलटता त्यांना आठवलं. रोज सकाळी त्या वाचता वाचता थांबायच्या. "हे ऐकता का जरा?" मास्तर हत्यारांना तेल देत "हं" म्हणायचे. कधी म्हणायचे, नंतर. नंतरसाठी त्या फुली करून ठेवत असाव्यात. किती फुल्या होत्या! मास्तर टेबलाशी बसले आणि एकेक फुलीपाशी थांबत मोठ्याने वाचू लागले. वाचता वाचता मधेच थांबून कान देत होते. फार दिवसांनी त्यांना मास्तरीणबाईंची आठवण अशी आली, जशी फोनवरच्या गोलातून कधी आली नव्हती. भरून आलं, तरी त्यांनी शास्त्र मिटलं नाही. तसंच पुढे वाचलं.

नवी तार बसवली की ती लगेच सुरात राहत नाही. ती ताणते, उतरते, पुन्हा ओढावी लागते. गुरुवारी ओढली, शुक्रवारी ओढली, आणि रविवारी उपासना म्हणून शनिवारी दुपारी मास्तर पुन्हा प्रार्थनागृहात गेले. जाताना त्यांनी मोठं दार सताड उघडं ठेवलं. पियानोवरून मान वर केली की थेट रस्ता दिसत होता. पाळकबाईंचं बोलणं त्यांना मंगळवारी झोंबलं होतं, पण डोक्यातून गेलं नव्हतं. रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं. एक सायकलवाला गेला. मास्तरांनी स्वतःशीच मान हलवली आणि पट्टी दाबली.

एक, दोन, तीन वेळा. थरथर अजून जलद होती. त्यांनी किल्ली जरा ओढली. पुन्हा पट्टी.

तेवढ्यात पावलं वाजली. मोठ्या दारातून नव्हे, मागे गायकांच्या खोलीकडचं छोटं दार होतं, तिथून. जड बुटांची पावलं. चार-पाच वाजली आणि थांबली.

मास्तरांचा हात पट्टीवर होता. मावशी असत्या तर दारातूनच ओरडल्या असत्या, "मास्तर, आहात का हो?" पाळकबाई असत्या तर खाकरल्या असत्या. हे जे कुणी आलं होतं ते गप्प उभं होतं. श्वाससुद्धा धरून उभं होतं. मास्तरांचा हात पट्टीवर आहे तोवर बोलायचं नाही, हे एवढं हाडीमाशी मुरलेलं माणूस जगात एकच होतं.

त्यांनी मान वळवली नाही. तारेचा आवाज विरला, तशी त्यांनी पट्टी पुन्हा दाबली. थरथर केव्हाच थांबली होती. तार लागली होती. तरी मास्तर ऐकत राहिले, कारण हात उचलला आणि मागे कुणी नसलं तर?

मग त्यांनी हात उचलला.

"आहात," टिटवी म्हणाली.

ती दारापाशी भिंतीला टेकून उभी होती. अंगात बंदरावरचं जाड जाकीट, पायांत कामावरचे बूट, खांद्याला अर्धवट चेन लावलेली पिशवी. डोळे सुजलेले.

"आहे," मास्तर म्हणाले.

"आहात तर फोन का बंद?" आणि मग जो पट्टा सुटला तो सुटला. "काल साडेसहाला टिक नाही. सातला नाही. नऊला नाही. म्हटलं चष्मा सापडला नसेल. तुम्हाला फोन केला, बंद. मावशींना केला, बंद. पाळकबाईंना केला, बंद! घंटा वाजवणाऱ्या काकांना केला, तोही बंद! अहो, मला वाटलं, प्रभू आला, सगळ्या मंडळीला वर घेऊन गेला आणि मी तेवढी खाली राहिले!"

मास्तरांना हसू फुटलं. ते आवरायला गेले तर त्याचं रडं झालं.

"हसताय काय? पाळी अर्ध्यावर सोडून आलेय मी. किती फोन केले ते मोजलेसुद्धा नाहीत. त्या दिवशी मोजले होते. या वेळी मोजायची छाती झाली नाही." तिने बाहीने नाक पुसलं. "स्टँडवरून घराकडे निघाले, तर पाय उचलेनात. दाराला कुलूप असेल का, माणसं जमली असतील का... कोपऱ्यावर आले आणि ऐकू आलं. एकच पट्टी. टण, टण, टण. तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. उठवेचना."

मास्तरांनी तिला बाकावर बसवलं आणि पाणी आणून दिलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला. मास्तरांनी कपाटाबद्दल सांगितलं, तीन दिवसांबद्दल सांगितलं. लिहून पुसलेल्या निरोपाबद्दलही सांगितलं.

"पुसला का?"

"वाटलं, तुला कशाला." ते थांबले. "मला वाटलं, ती टिक आपोआप होते. बुधवारी एका मिनिटात झाली. एवढं लवकर वाचून कसं होईल?"

टिटवीने मान खाली घातली. "मी वाचतच नव्हते, बाबा. एक ओळसुद्धा नाही. तुमची टिक आली की कळायचं, उठलात, हात चालतोय. मग मी आईची करायचे. बघितलं म्हणून. रोज वाटायचं, देव काय म्हणत असेल, शास्त्राचं नुसतं हजेरीपुस्तक करून टाकलंय."

"मी पण वाचत नव्हतो," मास्तर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टिटवी आधी हसली. तिचा हसण्याचा आवाज या प्रार्थनागृहाने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

मग ती बूट जमिनीवर घासत राहिली.

"त्या दिवशी आई विचारत होती," ती म्हणाली. "लागला का फोन, म्हणून. दोनदा विचारलं. मी सांगितलं, लागला. निघालेत, येतायत." तिने हाताची नखं पाहिली. "तेवढ्यानेच ती शांत झाली. हे तुम्हाला मी मुद्दाम सांगितलं नाही. तुम्हाला सोपं जाऊ नये म्हणून."

मास्तरांनी मनगटावरची पट्टी धरून ठेवली होती, घट्ट. बाहेर कुत्रं उठून दुसऱ्या सावलीत जाऊन झोपलं. मग ते म्हणाले, "येतच होतो, असं समजली असेल."

"हो. तशीच गेली."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. टिटवीने त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, पट्टी जरा उचलून ओरखडा पाहिला आणि "हे कसं झालं?" असं विचारलं.

"फोन बघत होतो."

"शाबास," टिटवी म्हणाली.

थोड्या वेळाने ती उठली आणि कपाटापाशी गेली. त्याला नुसती कडी होती, कुलूप नव्हतं. सगळं विश्वासावर. तिने दार उघडून सगळे खण पाहिले. मावशींचा फोन कुठला ते तिने ओळखलं, बापाचा ओळखला. शेजारच्या रिकाम्या खणावरचा आकडा तिने बोटाने चाचपला. मग जाकिटाच्या आतल्या खिशातून आईचा फोन काढला, तो बंद केला आणि बत्तिसाव्या खणात ठेवला. मागोमाग स्वतःचाही काढला आणि आईच्याच खणात तिरका बसवला.

"एकदा ठेवला की रविवारच्या उपासनेपर्यंत काढायचा नाही," मास्तर बाकावरून म्हणाले. "तसा नियम आहे."

"माहितेय. आत्ताच सांगितलंत."

"नाही, म्हणजे तुझी पाळी असेल. परत जायचं असेल."

"नियम आहे म्हणताय ना?" टिटवी कडी लावत म्हणाली. "मग राहावं लागेल."

मास्तरांनी घाईने पियानोकडे तोंड फिरवलं. तार पुन्हा उतरली असेल का, ते बघायला हवं होतं. उतरली होती, किंचित. त्यांनी किल्ली बसवली, पट्टी दाबली आणि मान वाकवून ऐकू लागले. थरथर होती, हळू होत चालली होती, आता थांबणार एवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा."

हात पट्टीवर असताना ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती.

मास्तरांनी तत्क्षणी हात उचलला. "काय गं?" ते म्हणाले आणि वळले.